घरच्या घरी प्रमाणपत्र

रूपालीत काही खोट नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे जे काही झालं त्यात बरीचशी खोट माझ्या कंप्युटरची होती, थोडी माझी होती, आणि उरलेली सगळी त्या ब्राउझर नावाच्या संशयी प्राण्याची होती. मी प्राणिशास्त्र शिकवतो. तेलंगणातल्या बोथच्या कॉलेजात पोरांना बेडकाचं हृदय आणि झुरळाचं तोंड समजावून सांगण्यात माझी हयात गेली आहे, पण इतका संशयी प्राणी माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आमच्या वसाहतीत मराठी घरं बरीच. त्यांचं एक वधूवर मंडळ आहे, आणि मी त्याचा चिटणीस आहे. मुलींचे फोटो नि पत्रिका गावभर फिरता कामा नयेत, असा मंडळाचा ठराव असल्यामुळे ती सगळी माहिती माझ्या पुढच्या खोलीतल्या एका जुन्या कंप्युटरवर ठेवलेली आहे. त्याला सर्व्हर म्हणतात, हे हैदराबादला असलेल्या आमच्या भार्गवनं सांगितलं. ते कळल्या दिवसापासून मी त्याच्यावर छत्री टेकवणं बंद केलं. ज्याला स्थळ बघायचं असेल त्यानं माझ्या घरी यावं, घरचं वायफाय जोडावं, चहा घ्यावा, आणि माझ्या डोळ्यांदेखत बघावं. ही माहिती माझ्या उंबऱ्याबाहेर जात नाही. ही व्यवस्था माझ्या डोक्यातून निघाली आहे, आणि मंडळाच्या सभेत तिच्याबद्दल माझा नारळ देऊन सत्कारही झाला आहे.

तर बेल्लमपल्लीहून एक कुटुंब रूपालीचं स्थळ बघायला आलं. रूपाली ही आमच्या शेजारच्या कौशल्याबाईंची मुलगी. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. वडील लवकर गेले, आईनं वाढवलं, आणि आता पोरीची एकच अट आहे की लग्न झालं तरी आई तिच्यापाशी राहील. या अटीवर आधीच काही स्थळं परत गेली होती. बेल्लमपल्लीच्या मंडळींना अट चालत होती. मुलाच्या काकांनी फोन काढला, पान उघडलं, आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग त्यांनी फोन बायकोला दाखवला, बायकोनं नणंदेला दाखवला. पानाच्या डोक्यावर, रूपालीच्या नावाच्या बरोबर वर, बारीक अक्षरात लिहून आलं होतं: 'सुरक्षित नाही.'

मी हसून सांगितलं की ते मुलीबद्दल नाही, पानाबद्दल आहे. काका म्हणाले, "पान तर मुलीचंच हाये ना सर?" मंडळी चहा अर्धा टाकून उठली. आठवड्याभरात ही बातमी माझ्याआधी सगळीकडे जाऊन पोचली. बसस्टँडवर मला एकानं विचारलं, "काऊन सर, त्या नर्सबाईच्या नावापुढं तुमचा कंप्युटर काईतरी लिहून दाखवते म्हनतेत?"

संध्याकाळी कौशल्याबाई आल्या. बसल्यासुद्धा नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सर, थे दोन शबद तेवढे पुसून टाका. बाकी माहं काई म्हननं नाई." एवढं बोलून त्या गेल्या. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. दमयंतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, ताटाकडे बघून न विचारता झाकण ठेवलं.

रूपालीला मात्र या सगळ्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. दवाखान्यातून येताना ती फाटकापाशी थांबली आणि म्हणाली, "सर, तुमी काऊन येवढं मनावर घेऊन राह्यले? मले तर हसू येऊन राह्यलं. वार्डातले पेशंट आता मले घाबरून सुई घेतेत." असं म्हणून ती खरंच हसली. या पोरीचं मला फार कौतुक आहे. तिच्याजागी मी असतो तर बदलीचा अर्ज केला असता.

भार्गवला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, पान साध्या वाटेनं जातंय म्हणून ब्राउझर तसं म्हणतो. त्याला कुलूपबंद वाट लागते, आणि कुलपासाठी सर्टिफिकेट. बाहेरच्या साइटना ते बाहेरची संस्था देते. आपलं घरापुरतंच आहे, तेव्हा आपणच बनवायचं, आपणच सही करायची. मी इथून करून देऊ?"

मी म्हणालो, "नको." पोराला मी सायकल शिकवली आहे. त्यानं मला बसल्या जागेवरून प्रमाणपत्र करून द्यावं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. "आज्ञा तेवढी लिहून पाठव. बाकी मी बघतो."

त्यानं एका ओळीची आज्ञा पाठवली. ती ओळ टाइप करताना माझ्यामागे महिपतराव उभे होते. महिपतराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. कोणाच्याही घरी कागद फडफडला की ते हजर होतात. कंप्युटरनं एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. देश? देशाबद्दल वाद झाला नाही. मग त्यानं विचारलं, राज्य?

"तेलंगणा," मी लिहिलं.

"सबर करा," महिपतराव म्हणाले. "मंडळात सीमेवरच्या गावांचे लोक हायेत. त्याइच्यापाशी दोनी राज्याचं रेशनकार्ड हाये. तुमी येकच राज्य लिहिलं तर उद्या थे म्हनतीन, आमाले कापलं."

मग तिथेच एक छोटी सभा भरली. पलीकडच्या सोजरबाई पीठ मळता मळता तशाच हातानं आल्या. एकाचं म्हणणं पडलं की दोन्ही राज्यं लिहावीत. दुसऱ्यानं आठवण दिली की आपला एक आदिलाबाद जिल्हा होता त्याचे चार झाले आहेत, तेव्हा जुना जिल्हा लिहावा की नवा, हेही ठरवून घ्या. दमयंतीनं दोनदा चहा केला. शेवटी राज्य तेलंगणाच राहिलं, पण सीमेवरच्या सभासदांची हरकत तोंडी नोंदवून घेण्यात आली. त्यापुढे 'कॉमन नेम' असा एक प्रश्न आला. मला बोथमध्ये लहानथोर सगळे 'सर' म्हणतात. मी तेच लिहिलं.

कंप्युटरनं परवलीचा शब्दही मागितला. कोणालाही सुचणार नाही असा शब्द हवा, असं भार्गवनं बजावलं होतं. मी विहिरीतल्या मोठ्या बेडकाचं शास्त्रीय नाव घातलं: होप्लोबॅट्राकस टायगेरिनस. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला ते बिनचूक लिहिता आलेलं नाही, तेव्हा चोराची बिशाद नव्हती. प्रमाणपत्राची मुदत किती, ते आज्ञेत आपण सांगायचं असतं. मी काही सांगितलं नाही. आपल्या सहीच्या गोष्टीला मुदत कसली, असं मला वाटलं.

प्रमाणपत्र तयार झालं. मी हात धुऊन आलो, टॅब्लेटवर पान उघडलं, आणि पाहतो तर ते दोन बारीक शब्द खरोखरच गेले होते. त्यांच्या जागी अख्खं पान लाल इशाऱ्यानं भरलं होतं. तुमचं कनेक्शन खाजगी नाही. हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात.

"हल्लेखोर?" सोजरबाई म्हणाल्या. "बाई बाई. आधी नुसतं सुरक्षित नव्हतं, आता चोरबी आले."

भार्गवला पुन्हा फोन. आधी तो पुष्कळ वेळ हसला. "बाबा, तुम्ही जगाला सांगितलंय की हा कंप्युटर म्हणजे 'सर' आहे. तिथे कंप्युटरचा पत्ता लिहायचा असतो." ते दुरुस्त केलं. तरी लाल ते लालच. तेव्हा त्यानं समजावलं की ब्राउझरपाशी ओळखीच्या संस्थांची एक यादी असते. त्यांपैकी कोणी सही केली असेल तर तो विश्वास ठेवतो. आपण स्वतःच स्वतःबद्दल सही केली, तर तो म्हणतो, तुम्हाला ओळखतो कोण?

ही गोष्ट मी महिपतरावांना सांगितली. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बऱ्याच दिवसांत मी पाहिलं नव्हतं. "मी पयल्यापासून तेच म्हनून राह्यलो! स्वतःच्या दाखल्यावर स्वतःचीच दस्तखत? असा कागद आमच्या टेबलावर कधी चालला नाई सर. मशीनले अक्कल हाये. गॅझेटेड अधिकाऱ्याची तसदीक पाह्यजे."

मी त्यांना खूप समजावलं की याचा तसदीकीशी, म्हणजे साक्षांकनाशी, काही संबंध नाही. पण खरं सांगायचं तर कौशल्याबाई रोज संध्याकाळी अंगणात तुळशीपाशी उभ्या राहून माझ्या खिडकीकडे बघत असत, आणि मला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. प्रमाणपत्राचा कागद छापला. सुरुवातीला एक ओळ, शेवटी एक ओळ, आणि मध्ये नुसता अक्षरांचा काला. तो घेऊन आम्ही आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. तेही गॅझेटेडच.

डॉक्टरसाहेब वरंगलकडचे, अत्यंत कर्तव्यदक्ष माणूस. एका म्हशीच्या पोटाला कान लावून बसले होते. त्यांनी कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "ओरिजिनल चूपिंचंडि सार." म्हणजे मूळ दाखवा.

ओरिजिनल कंप्युटरमध्ये आहे, असं मी सांगितलं.

"अइते कंप्युटर तीसुकु रंडि," ते शांतपणे म्हणाले. म्हणजे, मग कंप्युटर घेऊन या. मूळ दाखवल्याशिवाय खरी प्रत म्हणून सही करणार नाही, ती माझ्या नोकरीची बाब आहे, असंही त्यांनी हिंदीत सांगितलं. महिपतराव माझ्या कानात म्हणाले, "वा! असा अधिकारी पाह्यजे." मी या गृहस्थांवर चिडायला हवं होतं, पण मलाही मनातून ते पटलं.

तेव्हा आम्ही परत गेलो. मॉनिटरसकट सर्व्हर उपसला, दमयंतीच्या जुन्या दुलईत गुंडाळला आणि ऑटोत मांडीवर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात नेला. रस्त्यात माझे तीन विद्यार्थी भेटले आणि तिघांनी नमस्कार केला. म्हशीच्या मालकानं आपलं स्टूल मॉनिटर ठेवायला दिलं. डॉक्टरसाहेबांनी चष्मा लावला, आणि जनावराच्या कानातला बिल्ला तपासावा तसं पडद्यावरचं एकेक अक्षर बोटानं कागदावरच्या अक्षराशी ताडून पाहिलं. मोठं, लहान, आकडा, सगळं. म्हैस मध्येच हंबरली तर त्यांनी ती ओळ पहिल्यापासून घेतली. मग हिरव्या शाईनं सही केली, गोल शिक्का मारला, आणि वर आम्हाला ताक पाजलं.

त्या कागदाला दमयंतीनं चौकट करून घेतली आणि सर्व्हरच्या वर टांगली. वसाहतीतल्या लोकांवर तिचा फार चांगला परिणाम झाला. ब्राउझरवर अजिबात झाला नाही.

शेवटी भार्गवनं सांगितलेला दुसरा मार्ग धरला. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये आपलं प्रमाणपत्र हातानं बसवायचं, म्हणजे त्या फोनपुरती ओळख झाली. मी घरोघर हिंडू लागलो. फोनमध्ये ते बसवलं की फोन नवा इशारा देई: तुमच्या नेटवर्कवर अनोळखी व्यक्ती लक्ष ठेवत असू शकते. सोजरबाईंनी तो वाचून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वाचला. "अनोळखी नाई, आपले सरच हायेत," असं त्या फोनलाच समजावून सांगत होत्या. अशा माणसांच्या शेजारात राहायला भाग्य लागतं. पण फोन कोणाचं ऐकत नाहीत.

एवढ्यानं भागलं असतं, पण आमच्याकडची वीज. वीज गेली की सर्व्हर बंद पडे, आणि वीज आली की तो तेवढ्यासाठी अडून बसे की परवलीचा शब्द टाका. मी कॉलेजात. म्हणून दमयंतीला शब्द सांगितला. दमयंती बाजारात गेली की घराची किल्ली सोजरबाईंकडे ठेवते. त्या सवयीनं तिनं किल्लीबरोबर बेडकाचं नावही सोजरबाईंकडे ठेवलं. सोजरबाई लेकीकडे गेल्या तेव्हा त्यांनी दोन्ही गोष्टी महिपतरावांकडे ठेवल्या. महिपतरावांनी आपल्या घरी सगळ्यांना पाठ करून घेतलं. एके दिवशी वीज आली आणि मी घरात शिरताना ऐकलं, गल्लीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बायका एकमेकींना ओरडून आठवण देत होत्या: "होप्लोबॅट्राकस! बॅ नंतर ट्रा!"

गुप्ततेच्या दृष्टीनं सत्यानाश झाला होता, हे मला कळत होतं. पण सोजरबाईंना ते नाव मी लिहायला सांगितलं आणि त्यांनी ते इंग्रजीत एकही अक्षर न चुकता लिहून दाखवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गात मी हे नाव इतकी वर्षं शिकवतो आहे.

या सगळ्यात महिना गेला, आणि रूपालीसाठी नवं स्थळ आलं. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यातून, बेज्जूरकडून. मुलगा पंकज, शेतकी खात्यात, घरी कापूस आणि ज्वारी. त्याच्याबरोबर त्याची आई राहीबाई. रविवार ठरला. मी टॅब्लेट पुसून ठेवला. आदल्या दिवशी चारदा पान उघडून बघितलं होतं, चारही वेळा हिरवं कुलूप नसलं तरी लाल काही नव्हतं. वसाहतीतली मंडळी सकाळपासून माझ्या पुढच्या खोलीत येऊन बसली होती. कोणालाही बोलावलं नव्हतं. रूपाली रात्रपाळी करून दवाखान्यातून थेट आली, पांढऱ्या कपड्यांत, खांद्याला पिशवी. कौशल्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

राहीबाईंनी बसल्या बसल्या विषय काढला. "आमाले बेल्लमपल्लीकडून समजलं का तुमची मशीन लाल होते म्हून. पयले थे दाखवा. मंग बाकीचं."

"जरूर," मी म्हणालो आणि टॅब्लेट पुढे केला. पान उघडलं. लाल.

मी पुन्हा उघडलं. पुन्हा लाल. या वेळी खाली लिहिलं होतं की प्रमाणपत्राची मुदत संपलेली आहे. मुदत सांगितली नाही तर कंप्युटर आपल्या मनानं महिन्याची धरतो, ही गोष्ट मला त्या क्षणी कळली. भर सभेत, दोन्ही राज्यांच्या लोकांसमोर.

"हे तं लालच हाये," राहीबाई म्हणाल्या. "पंकज, आपल्या फोनवर पाह्य."

पंकजनं वायफाय जोडलं. त्याचा फोन मराठीत होता, आईला वाचता यावं म्हणून. त्यावरही लाल पान आलं. राहीबाईंनी फोन हातात घेतला आणि शब्दावर बोट ठेवून वाचायला लागल्या. हल्लेखोर या शब्दापाशी बोट थांबलं. ओळखीच्या संस्थेची सही नसली की फोन असं म्हणतो, असं मी घाईघाईनं सांगितलं. "म्हंजे हिच्याबद्दल सांगनारं ओळखीचं कोनी नाई, असंच ना?"

मी चौकटीतल्या कागदाकडे हात केला. जनावरांच्या डॉक्टरांची सही आहे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. ते ऐकून राहीबाई पंकजकडे बघू लागल्या.

तेव्हा महिपतराव उठले. "कोनी नाई कसं? मी हावो ना! मी जमानत देतो. माह्या पायाले जखम झाली तं या पोरीनं रोज येऊन पट्टी बांधली. मी वरडलो तं मलेच वरडली. पन पाय वाचला."

"सुई अशी टोचते का माय आठवते," सोजरबाई म्हणाल्या. "पन गाठ येत नाई."

दमयंतीनं आतून येऊन सांगितलं की नेलेलं पातेलं ती घासून परत आणते. कोणी म्हणालं, खोटं बोलत नाही, म्हणूनच तिचं डॉक्टरांशी पटत नाही. कोणी म्हणालं, राग आहे, पण अर्ध्या तासाचा. भाकरी थोडी जाड होते, अशी माहितीही कोणीतरी प्रेमानं पुरवली. प्रत्येक जण जीव तोडून रूपालीची बाजू घेत होता आणि प्रत्येक वाक्याला कौशल्याबाई भिंतीत थोड्या आणखी दबत होत्या.

"बस करा आता," रूपाली म्हणाली.

तिनं राहीबाईंच्या हातातून फोन घेतला आणि ते लाल पान पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. हल्लेखोरासकट. मग म्हणाली, "मावशी, हे बराबर हाये. या मशीनले माह्याबद्दल कोनी सांगतलं नाई. आता मीच सांगतो, अन् सहीबी माहीच. मी रातपाळी करतो, पुढंबी करीन. मले राग येते. भाकर जाड होते. माही माय माह्यासंग राह्यन, अन् याच्यात घासाघीस नाई. दुसऱ्या कोनाची जमानत मी देत नाई, अन् मागतबी नाई."

मग तिनं फोन पंकजकडे वळवला. "इथं खाली बारीक अक्षरात 'प्रगत' लिहिलं हाये. थे दाबलं का येक ओळ येते, 'पुढे जा, असुरक्षित'. मी दाबनार नाई. तुमाले वाटलं तर तुमी दाबा. नाई दाबलं तरी चहा घेऊनच जा, काकूनं आलं घातलं हाये."

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ भाषणं ऐकली, काही केलीही. असं स्वच्छ बोलणं ऐकलेलं मला आठवत नाही.

पंकजनं आईकडे पाहिलं नाही. फोनकडे पाहिलं, मग कौशल्याबाईंकडे. "माय तुमच्यासंगच राह्यन?"

"व्हय."

"माहीबी माह्यासंगच राह्यते," तो म्हणाला. "दोघी भांडतीन मंग."

"भांडू द्या. घरात आवाज राह्यन."

पंकजनं बारीक अक्षरं दाबली. मग ती ओळ दाबली. पान उघडलं. झेंडूच्या फुलांची किनार मी स्वतः लावली होती, फोटो मध्यभागी बसवला होता, पत्रिका एका बाजूला आणि शिक्षण दुसऱ्या बाजूला घेतलं होतं. पंकजनं फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि तो समोर बसलेल्या रूपालीकडेच बघत राहिला. दुसऱ्या कोणीही त्या पानाकडे ढुंकून पाहिलं नाही.

राहीबाई थोडा वेळ पदराचा काठ चाळवत बसल्या. मग सतरंजीवरून सरकत रूपालीच्या अगदी जवळ आल्या. त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे केला. आवाज इतका खाली होता की शेजारी बसलेल्या मलाच काय तो ऐकू आला.

"बीपीची मशीन हाये काय वं पोरी तुह्यापाशी? लय दिवस झाले, उठलं का डोयापुढं अंधारी येऊन राह्यली. याले सांगतलं नाई मी. तो काळजी करते."

रूपालीनं त्यांचं मनगट हातात धरलं, पिशवी ओढून जवळ घेतली, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "चला, समदे बाहेर व्हा. सर, तुमीबी."

माझ्याच घरातून मी बाहेर निघालो. माझ्यामागे महिपतराव, सोजरबाई, दमयंती, कौशल्याबाई, आणि सगळ्यात शेवटी काय झालं ते न समजलेला पंकज. रूपालीनं आतून दार लावून कडी घातली. अंगणात कौशल्याबाई पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या आणि हसत होत्या. आतून राहीबाईंचा दबका आवाज येत राहिला, मध्येच रूपालीचा एखादा प्रश्न. बराच वेळ त्या दोघी बोलत होत्या. आम्ही सगळे कान देऊन उभे होतो, पण कोणालाही एक शब्द ऐकू आला नाही.